काचपेटीतला विषधर : लायनफिश आणि त्याच्या पालकाची जबाबदारी

शोभिवंत माशांच्या दुकानात गोल्डफिश, गप्पी, एंजल यांच्या रांगा संपल्या, की एखाद्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची टाकी दिसते. तिच्यात कधीकधी एक मासा जणू तरंगत असल्यासारखा स्थिर उभा असतो. अंगावर तांबूस-तपकिरी आणि पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखे पसरलेले पर आणि पाठीवर भाल्यांसारखे ताठ काटे असा त्याचा थाट असतो. हाच लायनफिश. सागरी मत्स्यालयाची हौस असणाऱ्यांना हा मासा अनेक दशकांपासून भुरळ घालत आला आहे. त्याचे काटे मात्र विषारी आहेत आणि तोंडात मावेल तो प्रत्येक जीव हे त्याचे भक्ष्य आहे. म्हणूनच तो विकत घेण्यापूर्वी त्याचा स्वभाव, त्याच्या गरजा आणि त्याच्यापासून संभवणारे धोके समजून घेणे अगत्याचे ठरते. या धोक्यांत दंशाचा धोका सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, पण तो सर्वांत मोठा नाही.

ओळख आणि प्रकार

लायनफिशचा समावेश विंचूमाशांच्या, म्हणजे स्कॉर्पिनिडी कुलात होतो. हिंदी महासागर आणि प्रशांत महासागराचा पश्चिम व मध्य भाग हे त्याचे मूळ घर आहे. प्रवाळखडकांच्या कपारी, खडकाळ किनारे आणि बंदरांचे धक्के अशा ठिकाणी तो आढळतो. भारताच्या परिसरात लक्षद्वीप, अंदमान व मन्नारच्या आखातात या गटातील जाती सापडतात. दुकानांतून सर्वाधिक विकली जाणारी जात ‘टेरॉइस व्होलिटान्स’ ही असून तिचे शास्त्रीय वर्णन कार्ल लिनियस यांनी १७५८ साली केले. हिंदी महासागरात व तांबड्या समुद्रात आढळणारी तिची जवळची बहीण म्हणजे ‘टेरॉइस माइल्स’. या दोन्ही जातींचे मासे वाढून ३५ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही मोठे होतात. ‘टेरॉइस अँटेनाटा’ आणि ‘टेरॉइस रेडिएटा’ या जाती त्या मानाने लहान असतात.

घरगुती टाकीसाठी त्याहून सोयीचे म्हणजे ‘डेंड्रोकायरस’ प्रजातीचे बुटके लायनफिश. त्यांपैकी काही जाती १५ सेंटिमीटरच्या आसपासच थांबतात. त्यांचे वागणे, शिकारीची रीत आणि विषारी काटे मोठ्या भावंडांसारखेच असतात, जागा मात्र कमी लागते. दुकानातील बोटभर लांबीचे पिल्लू पाहून मोठी जात घरी आणणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय. वर्षभरात ते पिल्लू टाकीला जड होते.

विषारी काट्यांच्या याच कुळाशी जवळचे नाते असलेला स्टोनफिश हा मासा जगातील सर्वांत विषारी मासा मानला जातो. तो दगडासारखा निश्चल पडून राहतो, त्यामुळे टाकीत हात घालणाऱ्याला तो दिसतही नाही. घरगुती मत्स्यालयात त्याला अजिबात स्थान असू नये.

काट्यांतील विष

मराठीत ‘विषारी’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. काही मासे खाल्ल्याने विषबाधा होते, तर काही माशांचा काटा टोचल्याने. लायनफिश दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याचे मांस विषारी नसते, विष असते ते केवळ काट्यांत. कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना हा भेद पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शिंगाळ्याचा काटा आणि पाकटाच्या शेपटीवरील नांगी यांच्यापासून ते जाळे सोडवताना जपून राहतात, आणि तेच मासे पुढे कालवणासाठी बाजारात येतात.

लायनफिशच्या पाठीवर १३, पोटाकडील दोन परांत प्रत्येकी एक आणि गुदपरात ३ असे एकूण १८ विषारी काटे असतात. ज्या भव्य पंखांमुळे तो ओळखला जातो ते छातीचे पर मात्र विषारी नसतात. प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंना लांब खाचा असून त्यांत विष तयार करणाऱ्या पेशी असतात आणि वरून पातळ त्वचेचे आवरण असते. काटा शरीरात घुसला, की हे आवरण मागे सरकते, पेशी दाबल्या जातात आणि खाचांतून विष जखमेत उतरते. सापाप्रमाणे विष आतून ढकलण्याची यंत्रणा या माशाकडे नाही. त्यामुळे काटा जितका खोल जाईल तितका दंश गंभीर होतो.

हे काटे शिकारीसाठी नसून संरक्षणासाठी आहेत. लायनफिश माणसाच्या अंगावर धावून जात नाही. धोका वाटला, की तो पळण्याऐवजी पाठ वळवून काटे समोर धरतो. दंशाच्या बहुतेक घटनांत हात माशाकडे गेलेला असतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को येथील विषबाधा केंद्राच्या अभ्यासात विंचूमाशांच्या दंशाची ५१ प्रकरणे नोंदवली होती, त्यांपैकी ४५ लायनफिशची होती. समुद्रापेक्षा दिवाणखान्यातील टाकीच या माशाची व माणसाची गाठ अधिक वेळा घालून देते, हे अशा नोंदींवरून ध्यानात येते.

दंश झाल्यास

काटा टोचताच तीव्र वेदना सुरू होतात आणि काही मिनिटांत त्या वाढत जाऊन संपूर्ण हातभर पसरतात. सूज, लाली आणि कधीकधी फोड येतात. काहींना मळमळ, घाम, चक्कर किंवा धाप लागणे असा त्रास होतो. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या जिवाला सहसा धोका नसतो, परंतु लहान मुले, हृदयविकाराचे रुग्ण आणि अशा विषाची ॲलर्जी असणाऱ्यांच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही.

या विषातील प्रथिने उष्णतेने निष्क्रिय होतात. त्यामुळे उष्ण पाणी हाच प्रथमोपचाराचा मुख्य आधार आहे. जखमेतील दिसणारे काट्याचे तुकडे काढून दंश झालेला भाग सुमारे ४३ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. वेदनेमुळे त्या हाताला उष्णतेचा अंदाज येत नाही, म्हणून पाण्याचे तापमान तापमापीने किंवा दुसऱ्या, निरोगी हाताने तपासावे, अन्यथा दंशावर भाजल्याची जखम वाढते. बर्फ लावणे, जखम चिरणे, विष तोंडाने ओढणे किंवा हात घट्ट आवळून बांधणे हे उपाय टाळावेत. प्रथमोपचारानंतर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. काट्याचा तुकडा आत राहिल्याची शंका, सांध्याजवळील जखम, धनुर्वाताची लस आणि पुढे होणारा जंतुसंसर्ग यांचा निर्णय घरी करता येत नाही. धाप, छातीत दुखणे किंवा भोवळ असल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात हलवावे. लायनफिशसाठी स्वतंत्र प्रतिविष उपलब्ध नाही.

टाकीची उभारणी

मोठ्या जातीच्या एका लायनफिशसाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ४५० लिटरची टाकी किमान समजली जाते. बुटक्या जातींना १२० लिटरच्या आसपासची टाकी पुरते. ४५० लिटर पाण्याचेच वजन सुमारे ४५० किलो भरते. काच, दगड आणि स्टँड धरून ते सहाशे किलोंच्या घरात जाते. सदनिकेत अशी टाकी ठेवताना ती भिंतीलगत, तुळईच्या आधारावर असावी आणि जाणकाराचा सल्ला घेतलेला असावा.

समुद्रकिनाऱ्यावरून बादलीने आणलेले पाणी शहरांच्या आसपास प्रदूषित असते, त्यामुळे ते वापरू नये. गाळणयंत्रातून शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी क्षार प्रतिलिटर सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मिसळावे लागतात. एवढ्या मोठ्या टाकीला पहिल्या भरणीसाठीच सुमारे १५ किलो क्षार लागतात. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५, तापमान २४ ते २७ अंश आणि सामू ८.१ ते ८.४ यांच्या दरम्यान राखावा. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात पाणी सहज तिशी ओलांडते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पाणी थंड करणारा चिलर ही चैन नसून गरज ठरते. वीज गेल्यावर प्राणवायूचा पुरवठा थांबू नये म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा.

टाकी भरली म्हणजे मासा सोडता येतो असे नाही. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागल्यावरच मासा आणावा. लायनफिश मांसाहारी व खादाड असल्याने तो पाणी लवकर घाण करतो. म्हणून क्षमतेपेक्षा मोठे प्रोटीन स्किमर आणि दर पंधरवड्याला १० ते २० टक्के पाणी बदलण्याची शिस्त आवश्यक असते.

टाकीत लपण्यासाठी कपारी व छायेची जागा असावी, कारण हा मासा संध्याकाळी व पहाटे अधिक चपळ असतो. मात्र भारतात सजावटीसाठी प्रवाळ किंवा समुद्रातून काढलेले प्रवाळदगड वापरता येत नाहीत. खडक उभारणारी प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये २००१ सालापासून संरक्षित आहेत. चिनी मातीचे किंवा सच्छिद्र कृत्रिम दगड हा सरळ व कायदेशीर पर्याय आहे.

आहार

समुद्रात लायनफिश आपले पंख पसरून भक्ष्याला कोपऱ्यात गाठतो आणि निमिषार्धात तोंड उघडून पाण्यासकट गिळतो. काही वेळा भक्ष्याच्या दिशेने तोंडातून पाण्याची धार सोडून त्याला आपल्याकडे वळवण्याचे कसबही तो दाखवतो. त्यामुळे नव्याने आणलेला मासा न हलणाऱ्या अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. सुरुवातीला जिवंत करदी किंवा लहान कोळंबी देऊन नंतर सोललेल्या कोळंबीचा, माकुळाचा किंवा सागरी माशाचा तुकडा लांब काठीच्या टोकाला लावून त्याच्यासमोर हलवत राहावे. काही दिवसांत बहुतेक मासे मृत अन्न स्वीकारतात.

स्वस्त मिळतात म्हणून रोज जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची सवय घातक असते. गोड्या पाण्यातील या माशांत सागरी माशाला लागणारी स्निग्धाम्ले पुरेशी नसतात. त्यांच्या यकृतावर चरबी साठते आणि जीवनसत्त्व ‘ब-१’ नष्ट करणारे विकरही त्यांच्यातून पोटात जाते. सुरुवातीला धडधाकट दिसणारा लायनफिश अशा आहाराने काही महिन्यांत दगावतो.

दुसरे टोक म्हणजे अतिभरण. या माशाचे जठर मूळ आकाराच्या तीसपट फुगू शकते आणि तो कित्येक आठवडे उपाशीही राहू शकतो. निसर्गातील अनिश्चित शिकारीसाठी घडलेले हे शरीर टाकीतील रोजच्या मेजवानीने लठ्ठ होते. लहान पिल्लाला एक दिवसाआड थोडे आणि प्रौढाला आठवड्यातून दोन ते तीन वेळा दिलेले अन्न पुरते. तो काचेजवळ येऊन आशेने पाहतो म्हणून त्याला भूक लागलीच असेल असे नाही.

सोबती आणि आरोग्य

क्लाउनफिश, डॅमसेल, गोबी यांसारखे लहान मासे व शोभिवंत कोळंब्या लायनफिशसोबत ठेवणे म्हणजे त्यांना खाद्य म्हणून आणण्यासारखेच आहे. आकाराने मोठे सर्जनफिश, मोठे एंजलफिश किंवा रॅबिटफिश हे त्यातल्या त्यात योग्य सोबती होत. ट्रिगरफिश आणि फुगामासे लायनफिशचे लांब पर कुरतडतात, त्यामुळे त्यांना एकत्र ठेवू नये.

लायनफिश अधूनमधून अंगावरचे पातळ आवरण टाकतो. पाण्यात तरंगणारा तो पापुद्रा पाहून पालक घाबरतात, पण ही नैसर्गिक क्रिया आहे. अन्नाकडे पाठ फिरवणे, जलद श्वास आणि डोळे धुरकट होणे ही मात्र पाणी बिघडल्याची किंवा आजाराची चिन्हे समजावीत. नवा मासा तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास अनेक आजार मुख्य टाकीत शिरतच नाहीत. बाजारातील बहुतांश लायनफिश समुद्रातून पकडलेले असतात. आग्नेय आशियातील काही भागांत शोभिवंत मासे गुंगवण्यासाठी सायनाइड वापरण्याची कुप्रथा राहिली आहे. म्हणून दुकानात समोर अन्न खाणारा मासाच निवडावा.

हाताळणीचे नियम

ओळखीचा झालेला लायनफिश अनोळखी लायनफिशपेक्षा अधिक धोकादायक असतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. अन्न देणाऱ्या माणसाची चाहूल लागताच तो पृष्ठभागाकडे येतो आणि पाण्यात शिरलेल्या हाताजवळ घोटाळतो. पालकाची भीती मोडलेली असते, माशाचे काटे मात्र तसेच असतात. म्हणून टाकीत हात घालण्यापूर्वी मासा कुठे आहे हे पाहावे आणि हात बाहेर येईपर्यंत त्याच्यावरून नजर हटवू नये. काच चुंबकी घासणीने, दगड लांब दांड्याच्या चिमट्याने हाताळावेत. साध्या रबरी हातमोज्यांतून काटा आरपार जातो. मासा हलवताना जाळी वापरल्यास काटे तिच्यात अडकतात व सोडवताना दंश होतो. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या कडक भांड्यात त्याला पाण्यासकट घ्यावे. टाकीला झाकण असावे, घरातील मुलांना व मदतनिसांना धोक्याची कल्पना दिलेली असावी आणि घरात कोणी नसताना टाकीची सफाई करू नये.

मेलेल्या माशाचे काटेही विष बाळगून असतात. तो उघड्यावर किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकल्यास सफाई कामगाराच्या हाताला इजा होऊ शकते. कडक डब्यात बंद करूनच त्याची विल्हेवाट लावावी.

अटलांटिकचा धडा

चांगल्या देखभालीत लायनफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. तेवढ्या काळात घर बदलते, नोकरी बदलते, हौसही ओसरते. मग टाकी आवरायची वेळ आली, की माशाला ‘मुक्त’ करण्याचा विचार मनात येतो. त्याचा परिणाम काय होऊ शकतो हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने दाखवून दिले आहे.

अटलांटिक महासागरात लायनफिश मुळीच नव्हता. १९८५ साली फ्लोरिडातील डेनिया येथे तो प्रथम आढळला. १९९२ च्या ‘अँड्र्यू’ चक्रीवादळात फुटलेल्या एका टाकीतून हे मासे समुद्रात गेले, अशी कथा दीर्घकाळ सांगितली जात असे, पण पहिली नोंद त्याआधीची आहे. हौशी पालकांनी वेळोवेळी सोडून दिलेले मासे हेच या आक्रमणाचे मूळ असावे, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. अटलांटिकमधील माशांचे आनुवंशिक वैविध्य अतिशय कमी असल्याने मूळ मासे मोजकेच असावेत, असेही दिसते.

२००० साली हा मासा नॉर्थ कॅरोलायनापर्यंत, २००४ मध्ये बहामा बेटांपर्यंत आणि २०१० पर्यंत मेक्सिकोच्या आखातात पोहोचला. पुढे ब्राझीलच्या किनाऱ्यावरही तो सापडला. एक मादी वर्षाला सुमारे वीस लाख अंडी देते. ती चिकट पुंजक्यांच्या रूपात प्रवाहाबरोबर दूरवर जातात. तेथील लहान माशांना हा शत्रू अनोळखी होता, त्यामुळे त्यांनी पळण्याचेही श्रम घेतले नाहीत. बहामातील छोट्या प्रवाळखडकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकेका लायनफिशच्या उपस्थितीत पाच आठवड्यांत तेथे येणाऱ्या स्थानिक पिल्लांची भर ७९ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. त्यानंतर पाणबुड्यांच्या शिकार स्पर्धा भरवण्यात आल्या आणि ‘लायनफिश खा’ अशी मोहीम निघाली. काटे काढले, की त्याचे मांस रुचकर असते. फ्लोरिडाने २०१४ मध्ये जिवंत लायनफिशच्या आयातीवर बंदी घातली. एवढे करूनही त्याचे समूळ उच्चाटन शक्य झालेले नाही.

हिंदी महासागर हे लायनफिशचे माहेरच असल्याने येथे तो सोडल्यास काय बिघडते, असा प्रश्न विचारला जातो. दुकानातील मासा बहुधा दुसऱ्या समुद्रातून आलेला असतो, त्याची जात वेगळी असू शकते आणि टाकीतील रोगजंतू व परजीवी तो सोबत नेतो. टाकीतून सुटलेला मासा काय करतो याचे उदाहरण महाराष्ट्राला लांब शोधावे लागत नाही. काच साफ ठेवणारा म्हणून घरोघरच्या टाक्यांत आलेला सकर मासा आता उजनी जलाशयातील मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडत आहे.

नको झालेला लायनफिश दुकानदाराला परत द्यावा, अनुभवी पालकाकडे सोपवावा किंवा एखादे सार्वजनिक मत्स्यालय तो स्वीकारते का, याची चौकशी करावी. यांपैकी एकही मार्ग खुला नसेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला वेदनारहित मरण देणे हे त्याला समुद्रात सोडण्यापेक्षा अधिक जबाबदारीचे कृत्य ठरते. काट्याच्या दंशाची वेदना काही तासांत, फार तर काही दिवसांत शमते. बंदरात रिकाम्या केलेल्या एका बादलीचे परिणाम मात्र अटलांटिकच्या किनाऱ्यावरील लोक चाळीस वर्षांनंतरही निस्तरत आहेत. लायनफिश घरी आणण्याचा निर्णय घेताना टाकी, चिलर आणि कोळंबीच्या खर्चाबरोबर दहा वर्षांनंतरचा हा प्रश्नही हिशेबात धरलेला असावा.